स्वयंसेवकांना आधी बोलवा : डिचोली आणि सत्तरीच्या पंचायतींना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंचसदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते. तुमच्या पंचायतीने दर दोन महिन्यांनी गावाच्या सुरक्षेवर एक बैठक बोलवावी. तिला पोलीस स्थानकातला तुमच्या गावाचा बीट हवालदार असावा, अग्निशमन केंद्रातला एखादा जवान असावा, आरोग्य केंद्रातली परिचारिका असावी, देवस्थान समितीचा प्रतिनिधी असावा आणि गावात अडीअडचणीला आपणहून धावणारी माणसे असावीत. जे ठरेल ते वहीत लिहावे. पुढची बैठक त्याच वहीतून सुरू व्हावी : काय झाले, काय राहिले, का राहिले. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. पंचायतीचे सभागृह, चार बाकडी आणि एक वही पुरते.

माझी सगळी नोकरी या दोन तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत गेली. अपघातातली, बुडालेली, भाजलेली, सर्पदंशाची, मार खाल्लेली माणसे दारातून आत येताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना आणणारी माणसेही पाहिली आहेत. ती नेहमी तीच असतात. कुठल्याही वाड्यावर जा, तिथे अशी चार-पाच नावे निघतात. आग लागली की तेच, नदीत कुणी गेले की तेच, रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखू लागले की गाडी काढणारेही तेच. त्यांना कुणी नेमलेले नाही, शिकवलेले नाही, आणि काम झाल्यावर कुणी काही विचारतही नाही. स्वयंसेवकांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. त्यांच्यासोबत आधी बसायची सवय मात्र आपण लावून घेतली नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

एक प्रसंग सांगते. पावसाळ्यातली रात्र होती. साखळीकडच्या रस्त्यावर दुचाकी घसरून पडलेल्या एका मुलाला तिघांनी पिकअपच्या हौद्यात घालून आणले. एकाने त्याचे डोके मांडीवर घेतले होते, पण मान मोकळी होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती हिसका खात आली असणार. आम्ही त्याला सपाट झोपवले, मान दोन्ही बाजूंनी घट्ट धरली, कॉलर घातली आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवायची तयारी केली. त्याला आणणारा पोरगा बाहेर पायरीजवळ उभा होता, शर्ट रक्ताने चिकटलेला. केसपेपरवर लिहायला मी त्याचे नाव विचारले. तो म्हणाला, “सिस्टर, नांव कित्याक? मागीर पुलीस परत परत आपयतले.” (नाव कशाला? नंतर पोलीस परत परत बोलावतील.) आणि तो निघून गेला. मुलगा वाचला, पण पायांवर उभा राहायला त्याला फार काळ लागला. मानेला पहिल्यापासून आधार मिळाला असता तर काय झाले असते, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण मान कशी धरायची हे त्या तिघांना कुणीतरी एका दुपारी दाखवू शकले असते, एवढे मात्र खात्रीने सांगते.

त्या पोराची भीती आज कायद्याने निराधार ठरवली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. २०२०च्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. तो स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार झाला तरच त्याचा जबाब घ्यायचा, आणि तोही त्याच्या सोयीच्या जागी. हे हक्क रुग्णालयाच्या दारात स्थानिक भाषेत लावलेले असले पाहिजेत. केंद्र सरकारच्या राहवीर योजनेत, गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोचवणाऱ्याला २५ हजार रुपयांचे बक्षीस आहे. आता तुम्हीच सांगा, यातले तुमच्या गावातल्या मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटांना, रिक्षावाल्यांना, खनिज ट्रकच्या ड्रायव्हरांना किती जणांनी सांगितले आहे? २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या आपल्या इवल्याशा राज्यात रस्त्यांवर वर्षाला अडीचशेहून अधिक माणसे मरतात. अपघाताच्या जागी पहिला पोचतो तो जवळच्या नाक्यावरचा माणूस. १०८ची गाडी नंतर येते, आणि ती येईपर्यंतची मिनिटे त्याच्या हातात असतात.

आता शिरगावबद्दल. लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. ३ मे २०२५च्या पहाटे लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविकांनी तिथे जीव गमावला, कितीतरी जखमी झाले. सोवळे पाळून, व्रत करून, हातात बेत (वेताची काठी) घेऊन आलेले धोंड आणि त्यांच्यासोबतची माणसे. त्यानंतर चौकशी झाली, अहवाल आला, कुणाचे काय चुकले यावर पुष्कळ बोलले गेले. त्यात मी शिरत नाही, ते माझे काम नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जत्रेची गर्दी अचानक येत नाही. वैशाख शुद्ध पंचमी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. उतार कुठे आहे, वाट कुठे आवळते, दुकानांचे मांडव रस्त्यात किती पुढे येतात, तळीकडून येणारे आणि होमकुंडाकडे जाणारे कुठे समोरासमोर येतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असते. बाहेरून बंदोबस्ताला आलेल्या शिपायाला ते ठाऊक असायचे कारण नाही. तो त्याच दिवशी दुपारी बसमधून उतरतो आणि त्याला एक दोर आणि एक जागा दाखवली जाते. ज्याला जागा ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, ते दोघे जत्रेआधी एकदा ती वाट सोबत चालून गेले पाहिजेत. पोलीस, पंच, देवस्थानचे लोक, दोन-चार स्वयंसेवक. हातात खडू घ्या आणि जिथे मांडव पुढे सरकता कामा नये तिथे रेघ मारा.

हे फक्त शिरगावपुरते नाही. साळचे गडे आहेत, शिगमा आहे, काले आहेत, सात दिवसांचे सप्ताह आहेत, चतुर्थीचे विसर्जन आहे. प्रत्येक ठिकाणी गावचे तरुण बिल्ले लावून उभे असतातच. बिल्ल्यामागे काय आहे? कुणाला शिट्टीची खूण ठाऊक आहे का? माणूस कोसळला तर छातीवर दाब कसा द्यायचा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा आणि दोन इंच खोल, हे कुणी हाताने करून पाहिले आहे का? रुग्णवाहिका आत यायची वाट कोणी मोकळी ठेवायची, हे एका माणसाच्या नावावर लिहिले आहे का? सगळ्यांचे काम असते ते गर्दीत कुणाचेच राहत नाही.

विसर्जनावरून आठवले. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारून स्वतः गेलेली माणसेही मी पाहिली आहेत. पोहता येते म्हणून माणूस झेपावतो, आणि बुडणारा घाबरून त्याच्या गळ्यालाच मिठी मारतो. आमच्या वाड्यावर गेल्या चतुर्थीपूर्वी पोरांनी एक साधी गोष्ट केली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घेतला, त्यात तळाला चार बोटे पाणी ठेवले म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही. झाकण घट्ट लावले, कानाला पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी बांधली आणि तो विसर्जनाच्या पायऱ्यांजवळच्या माडाला खिळ्यावर टांगून ठेवला. शेजारी पाटी : उडी मारू नका, हा फेका. खर्च जवळजवळ शून्य. पावसाळ्यात सत्तरीच्या धबधब्यांवर, नदीच्या कोंडींवर, पाणी साचलेल्या खाणींच्या खंदकांकाठी असे कॅन टांगलेले मला पाहायचे आहेत. समुद्रकिनाऱ्यांवर सरकारने २००८पासून जीवरक्षक नेमले आहेत, मये तलावावर आणि दूधसागरावरही ते असतात. पण नदीच्या प्रत्येक वळणावर जीवरक्षक उभा करता येणार नाही, तिथे गावच आहे.

महापुराचेही तेच. २३ जुलै २०२१ आठवा. म्हादई आणि वाळवंटीचे पाणी घरांत शिरले, सत्तरी-डिचोलीत भिंती कोसळल्या, १९८२नंतरचा सर्वांत मोठा पूर असे तेव्हा सांगितले गेले. माणसांना बाहेर काढले ते पहिल्यांदा शेजाऱ्यांनीच. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपदा मित्र योजना मोठी झाली, बारा दिवसांचे प्रशिक्षण, अंगावर जाकीट, दोर, प्रथमोपचाराची पिशवी आणि विमाही. गोव्यात अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा खात्याने आपदा मित्र आणि आपदा सखी तयार केल्या आहेत. हे चांगले काम आहे आणि मी त्याला मनापासून नमस्कार करते. आता तुमच्या पंचायतीच्या हद्दीत असे किती जण आहेत आणि त्यांचे फोन नंबर काय, हे पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. शिकलेला माणूस गावात असून गावाला ठाऊक नसेल, तर ऐन वेळी त्याला हाक कोण मारणार?

सुरक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चोर, दंगल, अपघात येतात. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बंद दारांची. मुले पुण्याला, बंगळुरूला, आखातात, लंडनला. मोठ्या घरात एकटी म्हातारी किंवा दोघे नवरा-बायको. बाजूचे घर कुलूपबंद, पलीकडचे भाटही (बागायतही) मोकळे. अशा घरी पडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणल्याचे मी कितीदा पाहिले आहे. मांडीचे हाड मोडलेले, रात्रभर ओल्या न्हाणीत पडून, हाका मारून घसा बसलेला. त्यातल्या एकीला कुणी शोधले सांगू? पाव विकणाऱ्या पदेराने. रोज सकाळी भोंपू वाजला की ती चार पाव घ्यायला बाहेर येई. त्या दिवशी आली नाही. त्याने दोनदा भोंपू वाजवला, सायकल लावली, मागच्या दाराकडे गेला आणि आतून कण्हणे ऐकले. तो पदेर परराज्यातला होता.

या बाबतीत कागदावर तरतूद आहे, आणि ती फार सुंदर आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७चा कायदा आहे. त्याखाली केंद्राने राज्यांसाठी जे नमुना नियम दिले, त्यांत लिहिले आहे की प्रत्येक पोलीस स्थानकाने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी. पोलिसाने सामाजिक कार्यकर्त्याला किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांना भेटावे. आणि प्रत्येक पोलीस स्थानकासाठी स्वयंसेवकांची समिती असावी, ज्येष्ठ आणि पोलीस यांच्यात संपर्क राहावा म्हणून. म्हणजे मी या पत्रात जी भागीदारी मागते आहे, तिची कल्पना सरकारी नियमांत अगोदरच लिहिलेली आहे. तुमच्या गावात ती दिसते का, हे तुम्हीच पाहा. नसेल तर सुरुवात पंचायतीनेच करावी, कारण कुठल्या घरात कोण एकटे आहे हे पोलीस स्थानकापेक्षा वाड्यावरच्या पंचाला जास्त ठाऊक असते. पदेर, टपालवाला, दूधवाला, वीज मीटर वाचणारा, आशा आणि अंगणवाडी सेविका ही माणसे रोज दारोदार फिरतात. त्यांना एक फोन नंबर द्या आणि सांगा, दार उघडले नाही तर या नंबरवर कळवा. त्या फोनला उत्तर देणारा माणूस मात्र ठरलेला असला पाहिजे.

या ज्येष्ठांनाच आजकाल फोनवरून लुटतात. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, असे सांगून आयुष्याची पुंजी काढून घेतात. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. पण म्हातारा माणूस शरमेने दोन दिवस गप्प राहतो, मुलांनाही सांगत नाही. वाड्यावरच्या कॉलेजच्या मुलीने महिन्यातून एकदा त्यांच्या ओसरीवर बसून हे नीट समजावून सांगितले, तर त्याचा उपयोग भित्तिपत्रकापेक्षा अधिक होईल.

आमच्या स्वयंसहाय्य गटातल्या बायकांनी मध्यंतरी एक काम केले. संध्याकाळी सात ते नऊ गावातल्या वाटांवरून त्या चालल्या. कुठे काळोख आहे, कुठे बसथांब्यामागे दारूच्या बाटल्या साचल्या आहेत, कुठे झुडपे रस्त्यावर आली आहेत, कुठे मुली वाट बदलून जातात, हे टिपले. दिवा नसलेल्या खांबांचे क्रमांक लिहिले, क्रमांक पुसलेला असेल तिथे जवळच्या घराचे नाव. ती यादी एका कार्यालयात नेऊन दिली. यादी घेतली, शिक्का दिला, आणि पुढे काहीच घडले नाही. पुन्हा विचारायला गेल्या तेव्हा टेबलावरचा माणूस बदललेला होता. त्या बायका आता म्हणतात, परत कशाला चालायचे? मला त्यांची समजूत काढता येत नाही. स्वयंसेवक कामाने थकत नाही, उत्तर न मिळाल्याने थकतो. म्हणून मी वहीचा आग्रह धरते. दिवा लागणार नसेल तर लागणार नाही असे लिहा, कारण लिहा, पण लिहा.

आता जी गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही ती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. सुरक्षा समिती म्हटले की काही जणांच्या हाताला काठी आठवते. चोऱ्या वाढल्या, भुरट्यांचा सुळसुळाट झाला, चला रात्रीची गस्त घालू. आणि गस्तीत पहिला अडवला जातो तो भाड्याच्या खोलीत राहणारा, वेगळी भाषा बोलणारा मजूर. शेजारच्या महाराष्ट्रात याची किंमत मोजली गेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. त्यांना जिथे कोंडून मारले ते ग्रामपंचायतीचे कार्यालय होते. सरपंच मंडळींनो, हे वाक्य परत वाचा. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा असाच जीव गेला. तिथेही अफवा होती, तिथेही गावकरी रात्री जागत होते. पोलिसांशी रोजचा संवाद नसलेली गस्त अफवेच्या एका संदेशाने जमाव होते.

कायदा इथे स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक धरू शकतो, पण विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. संशयावरून धरणे, झडती घेणे, ओळखपत्र मागणे, मारणे यातले काहीही स्वयंसेवकाच्या अधिकारात नाही. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२)मध्ये पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. हे तरुणांना बिल्ला देण्यापूर्वी वाचून दाखवा, पोलिसांच्या तोंडूनच वाचून दाखवा. भाडेकरूंची पडताळणी व्हायलाच हवी, पण ती घरमालकाने आणि पोलिसांनी करायची आहे. वाड्यावरच्या पोरांनी रात्री खोलीचे दार ठोठावून करायची ती गोष्ट नाही.

आणि या परक्या माणसांना आपल्या सुरक्षेत धरा, हेही मनापासून मागते. डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून पंचवीस माणसे गेली, त्यांतली बरीचशी तिथे काम करणारी, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. जागा अडचणीची, आत जायची वाट अरुंद, बंबांना जवळ पोचणे कठीण. आपल्या तालुक्यांत नाइटक्लब नसतील, पण मजुरांच्या दाटीच्या खोल्या आहेत, एकच दार असलेली गोदामे आहेत, लग्नाची सभागृहे आहेत, मागच्या दाराला खुर्च्या रचून ठेवलेली. अग्निशमन केंद्राच्या जवानाला वर्षातून एकदा तुमच्या गावात फिरवा. बंब कुठल्या वाटेने येईल, कुठे अडेल, पाणी कुठल्या तळीतून घेता येईल, हे त्याला आधी कळले पाहिजे. ती दाटीची खोली ज्याला ठाऊक आहे असा मजुरांतला एक जण त्या बैठकीला बसवा.

पोलिसांनाही दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचवाल अशी माझी अपेक्षा आहे. केरळमध्ये २००८पासून जनमैत्री उपक्रम चालतो. त्यात बीट पोलिसाने घराघरांत जाऊन ओळख करून घ्यायची असते. आपल्याकडे बीट हवालदाराची बदली झाली की ओळखही त्याच्याबरोबर जाते. वही पंचायतीत राहिली तर नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून गाव कळेल. आणि माहिती देणाऱ्याचे नाव बाहेर फुटता कामा नये. अमली पदार्थ विकणाऱ्याबद्दल एखाद्या आईने सांगितले आणि संध्याकाळी तोच माणूस तिच्या दारात आला, तर त्या वाड्यावर पुढची अनेक वर्षे कुणी तोंड उघडणार नाही. ११२ला फोन केलेल्याशी नीट बोला. दारू प्यालेल्या नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला घरगुती मामला म्हणून परत पाठवू नका. सकाळी ती आमच्याकडे येते, जिन्यावरून पडले म्हणून सांगते, आणि तिच्या घराला जिना नसतो.

महाराष्ट्रातली तंटामुक्त गाव मोहीम तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. २००७ साली सुरू झाली, समित्या बसल्या, कितीतरी भांडणे गावातच मिटली. पण अनेक गावांत पुरस्कार मिळाल्यावर समितीचे काम मंदावले. म्हणून बक्षिसाची, स्पर्धेची, फलकावरच्या छायाचित्रांची कल्पना कृपा करून यात आणू नका. राजकीय पक्षही बाहेर ठेवा. समितीवर कोण याचे भांडण निवडणुकीत आणि देवस्थानच्या मानपानात आपण पुष्कळ केले आहे, आणि त्यात जखमी माणसाला कोण नेणार हा प्रश्न विरून जातो. बैठकीला अध्यक्षाची खुर्ची नसली तरी चालेल. वही लिहिणारी एक व्यक्ती हवी, आणि ती शक्यतो बाई असावी, कारण रात्री दिवा नसलेल्या वाटेची आठवण तिला करून द्यावी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, पंचायतीकडे आधीच कामांचा ढीग आहे, सचिव दोन ठिकाणी धावतो, कर्मचारी नाहीत. मान्य आहे. पण अपघात झाल्यावर, पूर ओसरल्यावर, चोरी झाल्यावर लोक तुमच्याच दारात येतात ना? तेव्हा तुमचे दिवसच्या दिवस जातातच. त्यातले दोन तास आधी द्या, एवढेच म्हणते.

येत्या ग्रामसभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी विनंती मी माझ्या पंचायतीला करणार आहे, आणि दोन्ही तालुक्यांतल्या वाचकांनी आपापल्या पंचायतीला करावी. पहिल्या बैठकीसाठी तीनच गोष्टी पुरेत : गावातल्या एकट्या ज्येष्ठांची यादी, आपदा मित्रांचे आणि गाडी असलेल्या स्वयंसेवकांचे फोन नंबर, आणि पुढच्या जत्रेची वाट कधी चालायची त्याची तारीख. प्रथमोपचार शिकवायला मी येईन, कुठल्याही गावात, मानधन नको. सोबत निवृत्त झालेल्या आणखी दोघी परिचारिका यायला तयार आहेत. छातीवर दाब कसा द्यायचा हे शिकवायला पुतळा मिळाला नाही तर पोत्यात भुस्सा भरून करू. बसायला चटई आणि दोन तास द्या. तारीख कळवा.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त परिचारिका